पुढे चालणाऱ्याची पाठ

इंग्लंडमधली ती लांबलचक पायवाट आम्ही दोघं नवरा-बायको चालत होतो. सुधीर नेहमी पुढे. मेंढ्यांची कुरणं, दगडी कुंपणं, हिरव्यागार टेकड्या मी पाहिल्या, पण सगळ्यांच्या मधोमध त्याची पाठ होती. चढ संपला की तो निवांत बसायचा आणि मी धापा टाकत पोचले की लगेच उठायचा. "चल, निघू या." विश्रांती फक्त त्याची व्हायची. आमचा संसारही असाच चालला होता, हे मला त्या चढांवर उमगलं.

एका सकाळी त्याच्या टाचेला फोड आला. नकाशा घेऊन मी पुढे झाले. माथ्यावर बसून सफरचंद सावकाश खाल्लं. खालून तो लंगडत येत होता. मला दया आली नाही, गार वाऱ्यात बरं वाटत होतं. तो पोचला, सॅक उतरवू लागला, तशी मी उठले.

"चल, निघू या."

"थोडं बसू दे ना गं," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत मला जे एकदाही म्हणता आलं नव्हतं, ते तो मागे पडल्याच्या पहिल्याच दिवशी सहज म्हणून गेला. त्याचाच मला जास्त राग आला. मागे न बघता मी उतार उतरू लागले.