तासमामांची गोष्ट मी वरून लिहिली

तासमामा बोलता बोलता मध्येच उठायचे. वाक्य कुठवर आलंय याची त्यांना फिकीर नसे. येलदरी धरणाच्या वीजघरात ते ऑपरेटर होते आणि दर तासाला मीटरचे आकडे लॉगशीटवर उतरवणं हे त्यांचं काम. पण सुट्टीच्या दिवशी, कॉलनीतल्या आमच्या व्हरांड्यात बसलेले असतानाही, तास भरला की ते ताडकन उभे राहायचे आणि मग स्वतःच हसून खाली बसायचे. "अंगातच घड्याळ शिरलंय ताई," म्हणायचे. तासमामा हे नाव आम्हा मुलांचंच. खरं नाव मला फार उशिरा कळलं.

माझे वडील तिथेच इंजिनिअर होते. मी औरंगाबादला इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात असायची, सुट्टीत घरी यायची. घरी बोलायला कुणी नसे, आणि असतं तरी मी बोलले नसते. कॉलनीच्या क्लबात विज्ञानाची मासिकं येत. ती वाचणारे आम्ही दोघंच. एका अंकात माझ्या कथेचे कागद राहिले होते, ते मामांना सापडले. त्यांनी ते आणून दिले नसते तर आमची ओळख झालीच नसती.

कथा मंगळावरच्या शहराची होती. काचेचे घुमट, तरंगते रस्ते, दोन चंद्र. चार पानं नुसतं शहर.

"लय भारी शहर हाय," मामा म्हणाले. "पण हे बघायलंय कोण?"

"कोणी नाही. वर्णन आहे ते."

"बरं. पाणी कोण सोडतंय इथं?"

"यंत्रं."

"अन् त्या यंत्राचं ग्रीस कुणाच्या नखात हाय?"

मला राग आला. दोन दिवसांनी मी दुसरी कथा नेऊन दिली. तिच्यात एक यंत्रवाला होता आणि तो तीन पानं सलग दुःखी होता. मामा वाचत गेले आणि हसू दाबत राहिले. "आता माणूस घावला, पण त्याच्या पायाखालची जमीनच गेली की! मंगळावर रडायलाय का जिंतूरच्या स्टँडवर, काई कळना." मग गंभीर होऊन म्हणाले, "जागा येगळी अन् माणूस येगळा लिवू नका. त्याला जेवढं दिसतं तेवढीच जागा द्या. आपोआप बसतं."

एकदा संध्याकाळी त्यांनी मला धरणाकडे तोंड करून उभं केलं आणि म्हणाले, सांगा कसं हाय. मी लांबी, दरवाजे, पाण्याचा रंग सांगितला. "आता समजा, तुमी माझी घरवाली हाव. माझी पाळी संपली, तरी मी घरी आलेलो न्हाई. आता सांगा." मी पुन्हा धरणाकडे पाहिलं. मग म्हटलं, पाण्याच्या आवाजात पावलांचा आवाज ऐकू येत नाही. मामांनी मान हलवली. एवढं खूश झालेलं मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

त्यांनी स्वतः एकच गोष्ट लिहिली. मी दहावीला होते त्या वर्षी. रद्द झालेल्या लॉगशीटच्या पाठकोऱ्या बाजूंवर, पेन्सिलीने, अक्षर मुंग्यांसारखं. एका परक्या ग्रहावरची वसाहत. पंपघरात एक माणूस पाळीवर आहे. सगळ्या शहराची हवा त्याच्या यंत्रावर चालते. ग्रह आपल्याला दिसतो तो फक्त त्याच्या खिडकीतून, तांबड्या आभाळाची एक पट्टी आणि एक पाइप. त्या पट्टीत धूर दिसू लागतो. खालच्या वस्तीत, जिथे त्याचं घर आहे, शहरातल्या लोकांनी आग लावलेली असते. यंत्र सोडून तो जाऊ शकत नाही.

"ताई, शुद्ध करून लिवून द्या," मामा म्हणाले. एका दिवाळी अंकाची विज्ञानकथांची स्पर्धा होती.

शाळेत आम्हाला रफ आणि फेअर अशा दोन वह्या असत. फेअर झाली की रफची पानं फाडून टाकायची. मामांच्या कागदांचंही मी तसंच केलं. आणि फेअर करताना गोष्ट सुधारली. मला वाटलं, एवढा मोठा ग्रह आणि आपण एका खोलीत कोंडलेले. मी एक अंतराळयान आणलं, त्याचा कप्तान आणला आणि गोष्ट त्याच्या डोळ्यांतून सांगितली. वरून ग्रह दिसला, दऱ्या दिसल्या, वस्तीला लागलेली आग दिसली. अंधारात उमललेली नारिंगी फुलं, असं मी लिहिलं होतं. ते वाक्य मला फार आवडलं होतं. मामांना न दाखवताच मी पाकीट पोस्टात टाकलं. त्यांना चकित करायचं होतं.

बक्षीस मिळालं नाही, पण गोष्ट छापून आली, मामांच्या नावाने. ते खरं नाव मी त्या पाकिटासाठी त्यांना विचारून घेतलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत अंक घेऊन मी त्यांच्याकडे गेले. ते उभ्याउभ्याच वाचू लागले. फुलांच्या वाक्यापाशी बोट थांबलं.

"वरून बघितलं की जळायलेलं बी छानच दिसतं, ताई," ते म्हणाले.

मी विचारलं, आवडली नाही का?

"न्हाई न्हाई, चांगली केलीत तुमी. मेहनत दिसायली." मग अंक मिटून, "माझे कागद तेवढे द्या."

कागद नव्हते. मी सांगितलं. ते "ऱ्हाऊ द्या" म्हणाले आणि अंक दोन्ही हातांनी मला परत दिला. त्यानंतर ते व्हरांड्यात आले नाहीत.

आईला मी अंक दाखवला तेव्हा तिने तो वाचून मिटला. म्हणाली, "अगं, औरंगाबादच्या विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं तेव्हा दलितांच्या वस्त्या जाळल्या ना, त्यात तुझ्या तासमामांचंही घर गेलं. ते तेव्हा ड्युटीवर होते. बदलीचा माणूस आला नाही, म्हणून सोळा तास." मी तेव्हा लहान होते. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

त्यांची माफी मागायची म्हणून मी किती सुट्ट्या ठरवल्या असतील. दर वेळी त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत यायची. मग माझ्या वडिलांची बदली झाली. नंतर कळलं, मामा हृदयविकाराने गेले.

विद्यापीठाला अखेर ते नवं नाव मिळालं त्या वर्षी मी परभणीला त्यांच्या घरी गेले. मामींनी चहा केला. "नाव झालं," त्या म्हणाल्या, "पर बघायला हे न्हाईत." मग म्हणाल्या, "त्यांची गोष्ट तुमच्याकडं हाय म्हणं. वाचून दावा की. मला वाचता येत न्हाई. त्यांनी एकडाव वाचली व्हती."

माझ्याकडे छापलेलीच होती. मी वाचू लागले. यान आलं, कप्तान आला. मामी ऐकत राहिल्या, मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ही न्हाई, बाई. त्याच्यात तो माणूस मशीन बंद करायच्या दांड्यावर हात ठिवतो. लय वेळ ठिवतो. शहरातले झोपलेले असतात, त्यांची लेकरं त्याला आठवतात. मग तो हात काढून घेतो. ते वाचताना हे रडले व्हते. ते वाचा."

ते पान मी वाचलं होतं. कप्तानाला ते वरून दिसणं शक्य नव्हतं, म्हणून मी ते गाळलं होतं.