काका येईपर्यंत हात लावू नये

लिफ्ट सहाव्या मजल्यापर्यंत जात असे. तिथून पुढे बावीस पायऱ्यांचा लोखंडी जिना होता, इतका उभा की चढताना नाक वरच्या पायरीला टेकावं. जिना संपला की गच्ची. गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या, कपडे वाळवायच्या तारा, सगळ्या इमारतीच्या सामाईक अँटेनाचा खांब आणि त्या खांबाला खेटून एक खोली. तिथे सिग्नलकाका आणि त्यांची बायको राहत. भाडं नव्हतं. इमारतीच्या जुन्या ठरावात एकच अट होती : घरोघरचे टीव्ही नीट चालतील, तोवर खोली त्यांची.

अट घातली तेव्हा ती रास्तच होती. वाऱ्याने खांब जरासा फिरला की बत्तीस घरांतल्या पडद्यांवर एकदम मुंग्या येत, बातम्या देणाऱ्या बाईच्या मागे तिचीच फिकट जुळी बहीण उभी राही. प्रक्षेपणाचा मनोरा तीस किलोमीटरवरच्या टेकडीवर होता. काका खांबाला मिठी मारून अँटेनाचं तोंड त्या टेकडीकडे बोटभर इकडे, बोटभर तिकडे करत राहत. उन्हात लोखंड तापलं की दंडाला फोड येत. त्या फोडांवरच ते ‘सिग्नलकाका’ झाले होते आणि नाव कष्टाचं होतं.

मग डिजिटल प्रक्षेपण आलं. डिजिटलचा स्वभाव निराळा. त्यात मुंग्या नाहीत. सिग्नल पुरेसा असला की चित्र आरशासारखं. थोडा कमी पडला तर चौकोनी तुकडे. त्याहून कमी पडला तर काळा पडदा. खांब एकदा पक्का बसवला, तारांचे जोड वर्षातून दोनदा पुसले की काकांना काही काम उरत नसे. हे काकांना समजलं होतं. बाकी कुणाला समजलं नव्हतं.

त्यातच मनोऱ्यावरच्या वाहिन्यांच्या जागा बदलल्या आणि प्रत्येक घरात टीव्हीला जोडलेल्या सेट-टॉप पेटीने वाहिन्या नव्याने शोधण्याची वेळ आली. काकांनी पेटीची पुस्तिका आदल्या दिवशी तीनदा वाचली. रिमोटवरचं पिवळं बटण दाबायचं आणि दोन मिनिटं थांबायचं, एवढाच मजकूर होता. दुसऱ्या दिवशी ते पहिल्यांदा तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकेकडे गेले. बाईंनी टेबलावर स्वच्छ टॉवेल अंथरून ठेवला होता हत्यारांसाठी. पाण्याचा तांब्या झाकून ठेवला होता. बारीकसारीक स्क्रू उडू नयेत म्हणून, एवढ्या उकाड्यातही, पंखा बंद केला होता.

एवढ्या तयारीपुढे नुसतं बटण दाबून उठणं काकांच्या जिवावर आलं. त्यांनी पेटी उलटी केली, मागचा एक स्क्रू सैल केला, पुन्हा आवळला आणि मग बटण दाबलं. चित्र आलं.

“आमच्या ह्यांनी जन्मभर खटपट केली असती, तरी जमलं नसतं,” बाई म्हणाल्या. “पुन्हा गेलं तर?”

“हात लावू नका. आत सगळं पुसलं जाईल. मला निरोप द्या.”

वाक्य सहज निघून गेलं. संध्याकाळपर्यंत इमारतीच्या सेक्रेटरींनी ते टाइप करून लिफ्टमध्ये चिकटवलंही : ‘टीव्हीच्या पेटीला काका येईपर्यंत हात लावू नये.’

त्याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत वाहिन्यांच्या जागा आणखी दोनदा बदलल्या आणि दोन्ही वेळा काकांनी बत्तीस घरांत बत्तीस स्क्रू सैल केले, बत्तीस आवळले. तरुण मंडळी केव्हाच फोनवर गेली होती. टीव्ही पाहणारे सगळे उतारवयाचे आणि आज्ञाधारक. जिन्यात भेटला तरी माणूस बाजूला होऊन काकांना वाट देई. खोटं एवढंसं होतं. पण रोज त्याला कुणीतरी नमस्कार करत असल्यामुळे ते अंगात मुरलं होतं.

पायाखालची जमीन सरकली ती बायकोच्या गुडघ्यांमुळे. सात महिन्यांपूर्वी तिला डॉक्टरकडे नेलं, तेव्हा परत वर चढवताना तिला खुर्चीवर बसवून दोघांना उचलावं लागलं. अर्ध्या जिन्यात खुर्ची तिरकी झाली आणि तिचं लुगडं पोटरीच्या वर गेलं. खाली माणसं उभी होती. गच्चीवर पोचल्यावर ती म्हणाली, “आता मी खाली जाईन ती एकदाच. पुन्हा वर येण्यासाठी नाही.” तेव्हापासून तिचं जग दोन टाक्यांच्या मध्ये होतं. सकाळी पहिल्या टाकीच्या सावलीत, दुपारनंतर दुसरीच्या.

शेजारच्या शहरात मुलीने तळमजल्यावरची एक खोली रंगवून ठेवली होती. दर आठवड्याला तिचा फोन येई आणि काका दर आठवड्याला म्हणत, “इथलं जरा मार्गी लावतो आणि निघतो.”

इथलं मार्गी लावणं म्हणजे काय, हे सेक्रेटरींनी साफ सांगितलं होतं. माणूस प्रेमळ होता, त्यामुळे त्यांच्या तावडीतून सुटणं अधिकच कठीण. “काका, खुशाल जा. आम्ही कोण अडवणारे? फक्त तुमच्या हाताखाली एक माणूस तयार करा. आठ दिवस त्याला सगळं बारकाईने शिकवा.”

एक बटण आठ दिवस कसं शिकवायचं, ह्या विचाराने काकांच्या तोंडचं पाणी पळालं. माणूस न देता निघून जावं, तर मागून कुणीतरी मेकॅनिक बोलावतील आणि पाव तासात सगळी इमारत हसेल. बायकोला सांगावं, तर ज्या नवऱ्याचं ती मुलीपाशी कौतुक करते, तो नवरा उरायचा नाही. असे सात महिने गेले.

आणि पुन्हा पडद्यावर पट्टी धावू लागली : अमुक तारखेला, दुपारी बारा वाजता, वाहिन्या नव्या जागी जातील.

“हे शेवटचं,” काका म्हणाले. “हे झालं की निघू.”

“दर आठवड्याला काहीतरी शेवटचं असतंच,” बायको म्हणाली आणि गुडघ्यांना तेल लावत राहिली.

त्या दिवशी बाराला पाच कमी असताना काका पिशवी घेऊन उतरले. पहिल्या मजल्यापासून सुरुवात केली. मध्ये दोन घरांचे जोड खरोखरच गंजलेले निघाले, त्यात वेळ गेला. तेवीस घरं झाली, नऊ उरली. संध्याकाळी सहाच्या सुमाराला, पाय मोडून आलेल्या माणसासारखे ते जिना चढून वर आले. खोलीच्या दारातच ते थबकले. टीव्ही चालू होता. चित्र आरशासारखं.

“हा कुणी लावला?”

“मी.” बायको पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. “एकच्या बातम्यांत पोरीच्या गावचा रस्ता दाखवणार होते. तुम्ही खाली. काळ्या पडद्यावर लिहून येत होतं, पिवळं बटण दाबा. म्हटलं, बिघडेल तर बिघडेल, आपलंच माणूस दुरुस्त करणारं आहे.”

काका खाटेच्या कडेला बसले. मग तिने आवाज बंद केला.

“एवढंच असतं?”

“एवढंच.”

“केव्हापासून?”

“पहिल्यापासून.”

तिने हिशेब केला असावा; तिचे ओठ हलले. रागावली असती तर काकांना बरं वाटलं असतं. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, “सात महिने मी त्या टाक्यांशी बोलतेय. तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग?”

“अगं, सांगितलं असतं, तर ह्या लोकांना तोंड कसं दाखवलं असतं?”

“दाखवायला इथे राहणार कोण होतं?”

तिने फोन उचलला आणि मुलीला म्हणाली, “जावयांना सकाळी नऊला गाडी घेऊन पाठव. हो, दोघंही. सामान नंतर बघू.”

“नऊ घरं राहिलीत,” काका पुटपुटले.

“त्यांच्याकडेही बटणं आहेत.”

सकाळी ती जिना बसून उतरली. एक पायरी, श्वास, दुसरी पायरी. काका खालच्या बाजूला उलटे उतरत तिची पावलं धरून एकेका पायरीवर ठेवत होते. लुगडं तिने स्वतःच घोट्याशी घट्ट बांधून घेतलं होतं. पाऊण तास लागला. सहाव्या मजल्यावर तोवर सेक्रेटरी येऊन उभे होते. त्यांच्यामागे शिक्षिकाबाई; काल काका तिसऱ्या मजल्यावर गेले तेव्हा त्या घरी नव्हत्या, त्यामुळे त्यांचा टीव्ही कालपासून काळा होता.

“काय काकू, डॉक्टरकडे का?”

“मुलीकडे.”

“अरे वा. आणि परत कधी?”

बायकोने काकांकडे पाहिलं. आंघोळ करताना काकांनी एक वाक्य नीट जुळवून ठेवलं होतं. त्यातला एक शब्द आता आठवेना.

“परत नाही,” ते म्हणाले. “आणि माणूसही तयार करायला नको. रिमोटवरचं पिवळं बटण दाबायचं. दोन मिनिटं थांबायचं. एवढंच आहे ते. एवढंच होतं.”

सेक्रेटरी मनापासून हसले. “काका, तुम्ही चेष्टाही करता, हे आजच कळलं.”

बाई हसल्या नाहीत. “आणि तो मागचा स्क्रू?”

“त्याचा काही संबंध नाही, बाई.”

“मी पंखा बंद करत असे,” बाई म्हणाल्या.

“हो,” काका म्हणाले. “करत होतात.”

बाई वळून जिन्याने खाली निघून गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आला, मग दार लागल्याचा. काकांना वाटलं होतं की खरं बोलल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. ते जागचं हललंसुद्धा नव्हतं.

लिफ्ट आली. बायको भिंतीचा आधार घेत आत शिरली, काका तिच्यामागून. दार सरकू लागलं तेवढ्यात सेक्रेटरींनी फटीत पाऊल घातलं.

“गंमत झाली, काका. आता खरं सांगा. नऊ घरं अंधारात आहेत. एक तारीख द्या. महिन्याभराने द्या, पण तारीख द्या.”

‘पुढच्या रविवारी’ हे दोन शब्द अकरा वर्षांच्या सवयीने काकांच्या ओठांपर्यंत आले होते, आणि सेक्रेटरी इतक्या आशेने पाहत होते की ते म्हणून टाकणं सगळ्यात सोपं होतं. काकांनी तोंड उघडलं.

“भाऊ,” बायको म्हणाली, “पाय काढा. दार लागत नाहीये.”