बरडाचा काठ

शिबिराची जागा पाहायला गुरुजींनी आम्हा दोघांना धाडलं, तेव्हाच माझं डोकं फिरलं. एका जागेसाठी दोन माणसं कशाला? आमच्या शेतमजुरांच्या मंडळाची पत्रकं मी लिहायचो, ठराव मी लिहायचो, तहसीलदाराला द्यायची निवेदनंही मीच. शिबिर भरवायची कल्पना माझी नव्हती, पण ती कागदावर पहिल्यांदा मी उतरवली होती, आणि त्या वयात मला या दोन गोष्टींत फरक दिसत नव्हता.

सौंसरच्या आमच्या वस्तीत मला वाचायला शाळेच्या पुस्तकांनी शिकवलं नाही. विहाराच्या कपाटात पत्रकांचे गठ्ठे होते, गुलाबी, पिवळ्या, पातळ कागदांचे. वाचताना शाई बोटांना लागायची. गुरुजी म्हणजे वस्तीतले निवृत्त शिक्षक. ते ओळीवर बोट ठेवायचे आणि मी मोठ्यानं वाचायचो. पंधराव्या वर्षी माझं पहिलं पत्रक छापून आलं तेव्हा त्यांनी ते सगळ्या वस्तीला वाचून दाखवलं. तेव्हापासून ते बोट आपल्या मालकीचं आहे अशी माझी समजूत झाली होती.

दुसरा होता तो पांढुर्ण्याकडचा, नदीपलीकडच्या सावरगावचा. आठवीत शाळा सोडलेला, एका संत्रेवाल्याचा ट्रॅक्टर चालवणारा. मंडळात येऊन त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. बैठकीत तो शेवटी, चपलांच्या जवळ बसायचा आणि बोलायचा नाही. तरी काही ठरवायची वेळ आली की गुरुजींची नजर एकदा तिकडे जायची. मी ते पाहणं मोजत असे. गुरुजी मला ‘बाबू’ म्हणायचे. त्या हिवाळ्यात ते त्यालाही ‘बाबू’ म्हणायला लागले.

शिबिर तीन दिवसांचं ठरलं होतं. कापसाची दुसरी वेचणी आटोपली की शेतमजुरांना थोडी उसंत मिळते, तेव्हा. लोधीखेड्यापासून पांढुर्ण्यापर्यंतच्या वस्त्यांमधून माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत बसून यायची होती. पुरुषांसाठी बिछायतवाल्याचे तंबू. बायका आणि लेकरं ट्रॉल्यांतच झोपणार, खाली तणस, वर ताडपत्री. जागा तलावाकाठची हवी, कारण दोनअडीचशे माणसांना पाणी लागतं. तलाव कोणता याबद्दल वाद नव्हता. वाद काठाचा होता.

तो जुना मालगुजारी, म्हणजे जमीनदारांच्या काळात बांधलेला तलाव. गावाच्या बाजूला दगडी घाट, चिंचेची झाडं, देवळाकडे जाणारी वाट. समोरच्या बाजूला बरड, म्हणजे मुरमाची उघडी चढण. पळसाची झुडपं, गुरांच्या वाटा, बाकी काही नाही. माझ्या आजोबांना त्या घाटाच्या पायऱ्या उतरता येत नव्हत्या. ते वर उभे राहायचे आणि कोणाला दया आली तर त्यांच्या मडक्यात वरून पाणी ओतलं जायचं. मी घाटावर उभा राहिलो आणि मला सगळं दिसलं: पायऱ्यांवर बसलेली आमची माणसं, वरच्या पायरीवर मी, समोर पाणी. पहिलं वाक्यसुद्धा सुचलं.

मी वाक्य जुळवत होतो तेव्हा तो घाटाच्या खालच्या मोकळ्या जागेत उकिडवा बसून पहारीनं खड्डा खणत होता. गव्हाला पाणी सोडल्यामुळे तलाव आटला होता आणि घाटाजवळ बरीच सपाट, काळी जमीन उघडी पडली होती. ट्रॉल्या लावायला इतकी चांगली जागा दुसरी नाही असं मला वाटत होतं. त्यानं हातभर खड्डा केला, त्यात डबाभर पाणी ओतलं आणि बिडी पेटवली. बिडी संपली, पाणी तसंच होतं. मग सायकली घेऊन आम्ही पाळीवरून, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावरून, बरडावर गेलो. तिथं खणताना पहारीतून ठिणग्या निघाल्या. डबाभर पाणी ओतलं. बिडी अर्धी झाली नसेल, खड्डा कोरडा.

परत येताना मी त्याला घाटाबद्दल खूप सांगितलं. आजोबांचंही सांगितलं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, “भाऊ, जागा भाषणाले बेस आहे. निजाले नाही.”

मला हे वाक्य इतकं झोंबलं की सौंसर येईपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. झोंबण्याचं कारण असं की ते माझं असायला हवं होतं. इतकं आखूड, इतकं नेमकं मला कधी लिहिता आलेलं नव्हतं.

विहारातल्या बैठकीला दोन दिवस होते. मी वाट पाहिली नाही. पत्रकाचा मजकूर लिहिला, ‘तलावाच्या घाटावर’ असं ठळक अक्षरांत घालायला सांगितलं आणि छापखान्यात देऊन आलो. बैठकीत आपलंच म्हणणं मान्य होणार याबद्दल मला शंका नव्हती.

आणि खरंच होत आलं होतं. मी उभा राहून विचारलं की ज्या काठावरून आपल्याला हाकललं, तो काठ आता आपण होऊन का सोडायचा? आज कोणी अडवत नसताना आपण पलीकडे जाऊन बसलो तर आजोबांच्या काळात आणि आपल्या काळात बदललं काय? हे मी आजही खोडणार नाही. माणसं माना हलवत होती. गुरुजींनी त्याला विचारलं, “बाबू, तुह्यं काय म्हणणं आहे?” तो उभा राहिला, खाली पाहून म्हणाला की घाटाखालची माती वरून वाळलेली आहे, आतून नाही. आणि बसला. मला हसू आलं.

मग बोरगावहून आलेली एक म्हातारी बोलली. सगळे तिला मावशी म्हणायचे. दुसऱ्यांच्या वावरात निंदण करून तिची पाठ वाकली होती, पण आवाज वाकला नव्हता. ती मला म्हणाली, “हे सारं बराबर हाये बापू. पन पहाटे बायामानसाईनं जाचं कुठं? देवळाच्या वाटंनं?”

विहारात हशा झाला. तीन दिवसांच्या शिबिरात शंभर बायका पहाटे कुठं जातील हा विचार मी वाचलेल्या एकाही पत्रकात नव्हता. बरडावर पळसाची दाट झुडपं होती. हात वर झाले. माझ्या बाजूनं अकरा. त्यांतले तीन मला वाईट वाटू नये म्हणून.

त्याच्याकडे पाहिलं तर तो चपला सरळ करत होता. मला वाटलं, यानंच मावशीला आधी सांगून ठेवलं असणार. स्वतःला बोलायची लाज वाटली म्हणून तिच्या तोंडून वदवलं. हे खरं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. पण त्या संध्याकाळी मी ते खरं धरून चाललो, कारण त्याशिवाय मला जेवण गेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात गेलो. खिळे जुळवणाऱ्या माणसानं कच्चा कागद माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, काही फेरफार आहे का. शाई ओली होती. ‘तलावाच्या घाटावर’ ही अक्षरं कागदावर इतकी शोभून दिसत होती की बैठक, हात, मावशी हे सगळं मला कच्चं वाटलं आणि हा कागद पक्का. मी नाही म्हणालो. छापा.

मी स्वतःला काय सांगितलं तेही लिहितो. लोक छापलेलं वाचून घाटावर येतील, आणि एकदा लोक आले की निर्णय लोकांचा होईल, अकरा हातांचा नाही की चाळीस हातांचा नाही. पत्रकांवर वाढलेल्या माणसाला छापलेली गोष्ट घडलेलीच वाटते. पण खोल आत मला एवढंच हवं होतं, की त्याची जागा रिकामी पडावी आणि गुरुजींनी ते पाहावं.

गठ्ठे छोट्या रेल्वेगाडीनं लोधीखेड्याला गेले, सायकलींवरून बोरगावला गेले. पांढुर्ण्याकडच्यांना तोच तोंडी सांगणार होता.

शिबिराच्या दिवशी दुपारी मी पांढरा सदरा घालून घाटावर उभा होतो. समोर बरडावर त्याचे तंबू सकाळीच उभे राहिले होते, एका ओळीत, दोऱ्या ताणलेल्या. पांढुर्ण्याकडच्या ट्रॉल्या त्यानं गोलात लावल्या होत्या, तोंडं आत, बायकांना मधलं अंगण मिळावं म्हणून. लांबूनही ती मांडणी सुरेख दिसत होती. मला ती पाहवत नव्हती आणि मी दुसरीकडे पाहू शकत नव्हतो.

पहिली ट्रॉली आली ती बोरगावची. मावशीच्या हातात माझं पत्रक होतं; छापलंय म्हणजे ठराव मागून बदलला, असं तिला वाटलं असणार. मी हात करून त्यांना घाटाखालच्या सपाट जागेकडे वळवलं. ट्रॅक्टर वीसेक पावलं नीट गेला. मग वरची कोरडी कातडी फाटावी तशी जमीन फाटली, मागचं चाक आत गेलं आणि ट्रॉली एका बाजूला कलली. बायका एकमेकींवर घसरल्या, लेकरं रडायला लागली, पिठाचं पोतं चिखलात पडलं. चालकानं जोर लावला तसं चाक आणखी खाली गेलं. लागलं कोणालाच नाही. मावशी ट्रॉलीची कड धरून उतरली ती गुडघ्यापर्यंत काळ्या गाळात. मागून लोधीखेड्याची ट्रॉली येत होती. तिला मी ओरडून थांबवलं.

तो पाळीवरून ट्रॅक्टर घेऊन आला. मागे गुरुजी उभे होते. त्यानं ट्रॅक्टर वर पक्क्या जमिनीवर ठेवला, साखळी ओढत आणली, चाकाखाली तुऱ्हाट्या आणि दगड भरले, आणि तासाभरात ट्रॉली बाहेर काढली. माझा पांढरा सदरा कोरडा राहिला. मला कोणी हात लावू दिला नाही असं नव्हतं. मला पुढे जाताच आलं नाही.

गुरुजींनी मावशीच्या हातातलं पत्रक घेतलं, वाचलं, आणि त्याच बोटानं त्या ठळक अक्षरांवर थांबले. मग माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आधी तो साखळी गुंडाळत म्हणाला, “छापखान्यात जुना कागद गेला असन, गुरुजी. होते असं.”

तो खोटं बोलत नसे. म्हणूनच गुरुजींनी लगेच मान्य केलं. तो बोलताना साखळीकडे पाहत होता, माझ्याकडे नाही, त्यावरून मला कळलं की त्याला कळलेलं आहे. उपकार झाला याचं मला काही वाटलं नाही. मला वाटलं, शब्द तेवढे माझे होते, आता तेही यानं घेतले.

तीन दिवस शिबिर झालं. बरडावर पाऊल घसरलं नाही, खुंटी निघाली नाही. माझं भाषण बरं झालं असं लोक म्हणाले. मी त्याच्याशी कामापुरतं बोललो, आणि तो चांगलं वागला की आतून जळत राहिलो.

आमच्या मंडळाची एक रीत आहे. शिबिराच्या शेवटच्या दुपारी सगळे गोल बसतात आणि ज्यानं त्यानं आपली चूक आपण सांगायची असते. दुसऱ्याची सांगायची नाही. ही रीत गुरुजींची, पण तिचे नियम पत्रकात मी लिहिलेले. एकानं सांगितलं की त्यानं डाळ पातळ केली, एकीनं सांगितलं की तिनं व्याख्यानात झोप काढली. मग तो उभा राहिला. म्हणाला, “बोरगाव-लोधीखेड्यालेही मी तोंडी निरोप धाडाले पाहिजे होता. कागदावर सोडलं. चूक माही.”

माझी चूकही त्यानं घेतली. तेवढं मात्र मला सहन झालं नाही. मी उभा राहिलो तो पश्चात्तापानं नव्हे. ती चूक माझी होती आणि ती त्याला मी देणार नव्हतो. मी सांगितलं की छापखान्यात मला विचारलं गेलं होतं, फेरफार आहे का म्हणून. ठराव मला माहीत होता. तरी मी नाही म्हणालो.

गुरुजी जमिनीकडे पाहत होते. मग मावशी म्हणाली, “म्हंजे तुह्या भाषणापायी आमी चिखलात बसलो काय गा?”

माणसं हसली. मी हसू शकलो नाही. गुरुजी मला रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की पुढच्या वर्षीही पत्रक मीच लिहायचं, पण छापायला देण्याआधी याला दाखवायचं.

पुढच्या हिवाळ्यात मी कागद घेऊन सावरगावला गेलो. तो ट्रॅक्टरखाली होता. हात पुसून बाहेर आला, बांधावर बसला आणि वाचायला लागला, ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. एका पानाला त्याला पाव तास लागला. मी उभा होतो. पहिला परिच्छेद मी आठ वेळा लिहिला होता. तिथं त्याचं बोट थांबलं नाही. ते शेवटी थांबलं, जिथं फक्त जागेचं नाव होतं.

“ट्रॉलीवाल्यानं पाळीवरून याचं का गावातून, हे लिहिलं नाही.”

मी खिशातून पेन काढलं आणि त्याच्या शेजारी बसून लिहिलं: ट्रॉल्यांनी गावातून न येता पाळीवरून यावे. त्यानं ती ओळ पुन्हा बोटाखालून नेली आणि मान हलवली. त्या शिबिराला प्रत्येक ट्रॉली पाळीवरूनच आली. चालकांच्या हातात पत्रक दुमडलेलं होतं, वर ती ओळ येईल असं. बाकीच्या पानावर मी काय लिहिलं होतं ते मला कोणी विचारलं नाही, आणि ती ओळ कोणाची हे मीही कोणाला सांगितलं नव्हतं, आतापर्यंत.