दादाच्या वाटची चव

दादा ऑस्ट्रेलियातून कायमचा परत आला तेव्हा आई जाऊन वर्ष झालं होतं आणि हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, तात्यापाऱ्यातल्या घरात मी एकटीच राहत होते. शाळेत गणित शिकवायचे, संध्याकाळी शिकवण्या घ्यायचे. लग्न मी केलं नाही. दादाचं तिकडेच झालं आणि तिकडेच मोडलं. त्याची मुलगी तिच्या आईजवळ तिकडेच राहिली. दोन बॅगा घेऊन तो दारात उभा राहिला तेव्हा मी त्याला विचारलं नाही की किती दिवसांसाठी आलास. त्यानेही सांगितलं नाही. माडीवरच्या खोलीत त्याने कपडे लावले आणि दुसऱ्या दिवशी खाली येऊन म्हणाला, "पोट्टे, चहा दे." पन्नाशी ओलांडलेल्या बाईला पोट्टी म्हणणारा जगात तो एकच माणूस उरला होता.

तिकडे तो वाइन बनवणाऱ्या एका कारखान्यात होता. आधी द्राक्षं तोडायला, मग टाक्या धुवायला, आणि शेवटची बरीच वर्षं काउंटरवर. लोक मोटारी घेऊन यायचे, हा त्यांना थोडी थोडी वाइन ओतून द्यायचा आणि तिच्यात काय काय आहे ते सांगायचा. आई होती तोवर घरी एवढंच माहीत होतं की दादा 'फळांच्या रसाच्या कंपनीत' आहे. आईलाही खरं माहीत असावं. ती कधी बोलली नाही.

परत आल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात त्याच्या जिभेच्या कडेला फोड आला. दात जिभेला घासतो म्हणून आला असेल, असं आम्ही धरून चाललो. डॉक्टरकडून दाताची धार घासून घेतली, तरी फोड राहिला. मग तो कडक झाला, जेवताना रक्त यायला लागलं. तपासणी झाली आणि डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"तंबाकू?" त्यांनी विचारलं.

"कभी नहीं."

"गुटखा, गुड़ाखू, सिगरेट?"

"कुछ भी नहीं, सर."

डॉक्टरांनी कागदावर तसं लिहून घेतलं. मग म्हणाले, काही लोकांना कॅन्सर तसाही होतो. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करावं लागेल, जिभेचा अर्ध्याहून जास्त भाग काढावा लागेल, नंतर रेडिएशनचे शेक द्यावे लागतील. बोलणं कितपत राहील, चव कितपत राहील, हे आज सांगता येणार नाही.

दादाने एकच प्रश्न विचारला. "और नाक? सूँघना?"

"उस पर ज़्यादा फ़र्क नहीं पड़ना चाहिए," डॉक्टर म्हणाले. त्यांना हा प्रश्न विचित्र वाटला असावा.

रिक्षा घराकडे न नेता त्याने मोठ्या रस्त्यावरच्या दारूच्या दुकानासमोर थांबवली, जिथे विदेशी बाटल्या काचेच्या कपाटात ठेवलेल्या असतात. मी आतच बसून राहिले. "दादा, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलं न?"

"ऐकलं. पुढच्या आठवड्यात कापतो म्हणाले. आज नाही कापली न?" तो उतरला. "चाल. तुले दाखवतो मी काय करत होतो तिकडे."

त्या दुकानात मी याआधी कधी पाय ठेवला नव्हता. पदर घट्ट धरून दादाच्या मागे उभी राहिले. विक्रेत्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि फ्रान्सची एक बाटली काढली. "सर, गिफ्ट के लिए यही जाती है."

"नहीं भैया. ऑस्ट्रेलिया की दिखाओ. सफेद. और सबसे सस्ती जो है, वो."

माणूस जरा हिरमुसला. दादा कपाटासमोर वाकून बाटल्यांच्या पाठी वाचत राहिला. चार निवडल्या. बाहेर येताना मला म्हणाला, "महागाच्या बाटलीत काय असते ते मले कुठे माहीत? मी याच भरत होतो."

रविवारी सकाळी तो गोल बाजारात ग्लास आणायला गेला. दांडीचे ग्लास मागितले तर दुकानदाराने आइस्क्रीमचे कप पुढे केले. शेवटी पातळ काचेचे, पाण्याचेच पण बुडाशी थोडे फुगीर असे ग्लास घेऊन आला. मी बर्फाची लादी फोडून बादलीत टाकली आणि त्यात बाटल्या उभ्या केल्या. मे महिना होता, दुपारी अंगण तापून पांढरं दिसत होतं. दादाने खिडक्या लावून घेतल्या आणि कूलरही बंद केला.

"मरतो का आपण?" मी म्हटलं.

"कूलरच्या गवताचा वास मधात येते. थोडा वेळ सहन कर."

बाटल्यांना बूच नव्हतं, सोड्याच्या बाटलीसारखं फिरवायचं झाकण होतं. त्याने पहिलीतून बोटभर ओतलं, ग्लास पांढऱ्या भिंतीसमोर धरला, हळूच फिरवला, नाक आत घातलं. त्याचे खांदे सैल पडलेले मला दिसले. मग त्याने एक घोट घेतला.

तो तसाच उठला, ओट्याजवळ गेला आणि थुंकला. नळ सोडला. पाण्यात लाल रंग मिसळून जाताना मी पाहिला. त्या आंबटाने फोड असा पेटला होता की त्याला ओटा धरून उभं राहावं लागलं. मी पाठीवर हात ठेवला तर त्याने तो काढून टाकला.

बऱ्याच वेळाने तो परत येऊन बसला. डोळ्यांत पाणी होतं, पण ते दुखण्याचं होतं की कशाचं, कोण जाणे. "मले नाही जमत," तो म्हणाला. "तू घे."

"मी?"

"मग घरात दुसरं कोण आहे?"

मी ग्लास उचलला. चतुर्थीला कांदा न शिवणाऱ्या आईच्या स्वयंपाकघरात बसून मी दारू तोंडात घेतली.

"लगेच गिळू नको. तोंडात फिरव. आता थुंक त्या वाटीत. काय लागलं?"

"चांगलं नाही लागलं."

"चांगलं-वाईट नको सांगू. कशासारखं लागलं ते सांग."

"आंबट."

"चिंचेसारखं? दह्यासारखं?"

मी पुन्हा एक घोट घेतला. "लिंबाच्या सालीसारखं. आणि मागून..." मला सांगायला लाज वाटली. "मागून रॉकेलचा वास येते."

मला वाटलं तो चिडेल. त्याने डोळे मिटले. "हो. रॉकेल. बरोबर आहे. ही रिसलिंग आहे, त्या द्राक्षाले असते तो. मी लोकांना सांगायचो तर ते तोंड वाकडं करायचे. तुले न सांगता समजलं."

पुढे तो वास घ्यायचा, मी चव सांगायची, असं ठरूनच गेलं. दुसरी सेमिलॉन नावाच्या द्राक्षाची. मी म्हटलं, शाळेच्या मैदानावर गवत कापतात तेव्हासारखी, आणि मग काहीच नाही, पाणी. तो म्हणाला, स्वस्तातली आहे, तिले मागचं अंग नसते. तिसरी गोड निघाली, तिच्यात बुडबुडे होते. "लिची," मी म्हटलं, आणि तो जरा हसला. "ही सगळ्यात जास्त खपायची. बायका उभ्याउभ्या प्यायच्या." गोड असल्यामुळे त्याने तिचा एक थेंब जिभेच्या चांगल्या बाजूला लावून पाहिला. तेवढंच त्या दिवशी त्याच्या वाट्याला आलं.

चौथी शार्डने होती. ती त्याने माझ्यासाठी ओतली, पण स्वतःचा ग्लास रिकामाच ठेवला.

"तू वास नाही घेत?"

"तू सांग आधी."

"अननस. लोणी. आणि जळलेल्या लाकडासारखं काहीतरी."

त्याने आपला रिकामा ग्लास पालथा घातला. घाम त्याच्या गळ्यावरून ओघळत होता. मग त्याने मला ते सांगितलं जे त्याने बायकोलाही कधी नीट सांगितलं नव्हतं.

टाक्या धुवायच्या कामावर त्याच्याबरोबर तिथलाच एक माणूस होता, त्याच्याच वयाचा. दोघांची जोडी. एकाने आत उतरायचं, दुसऱ्याने बाहेर पाइप धरायचा. शार्डनेची टाकी नुकतीच रिकामी झालेली होती. द्राक्षं आंबतात तेव्हा जो वायू तयार होतो तो तळाशी साचून राहतो, त्याला ना रंग ना वास, पण माणूस त्यात दोन श्वासांत गुदमरतो. मोजायचं यंत्र त्या दिवशी बंद पडलेलं होतं आणि गाड्या भरायला उभ्या होत्या. तो माणूस टाकीच्या खालच्या छोट्या दारातून आत शिरला. दादाने पाइप आत दिला. आतून पाइप पडल्याचा आवाज आला.

"मी हाक मारली. मग डोकं आत घातलं. कोणीतरी मागून मले कॉलर धरून खेचलं, नाही तर मी पण तिथेच. त्याचे बूट दिसत होते. आणि वास किती चांगला येऊन राहिला होता, सांगू? अननस, लोणी, सगळं."

नंतर त्याने पुन्हा टाकीत उतरायला नकार दिला. कारखान्याने त्याला काउंटरवर ठेवलं. तिथे वर्षानुवर्षं तो हसून लोकांना शार्डने ओतत राहिला. घरी मात्र त्याचं कोणाशी पटेना. बायको म्हणायची, तू इथे असून नसल्यासारखा आहेस. "खरंच होतं तिचं," तो म्हणाला.

 मी उठून खिडकी उघडली. गरम हवा आत आली. चौथी बाटली त्याने झाकण लावून बाजूला सारली. त्या रात्री मला हलकी चक्कर येत होती आणि तो मात्र पहिल्यांदाच नीट झोपला, असं सकाळी म्हणाला.

ऑपरेशन झालं. मांडीची कातडी काढून जिभेच्या जागी लावली. नाकातून नळी. आधी मला त्याचं बोलणं काहीच कळत नव्हतं, मग 'पाणी' आणि 'नाही' एवढे दोन शब्द ओळखू यायला लागले. शेकांनी तोंडातली लाळ आटली, गळ्याची कातडी काळी पडली. मुलगी तिकडून व्हिडिओ कॉल करायची. सुरुवातीला तो हात हलवायचा. पुढे पुढे फोन आला की माझ्याकडे फिरवायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. मी तिला सांगायचे, बाबा झोपले आहेत.

पावसाळा संपत आला तेव्हा एका दुपारी त्याने मला खूण करून कपाटातला ग्लास दाखवला. मी समजले. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना एकटीच त्या दुकानात गेले. विक्रेत्याने ओळखलं. "सर नहीं आए, दीदी?"

"तबियत ठीक नहीं है."

त्याने न विचारता ऑस्ट्रेलियाची स्वस्त रिसलिंग काढून दिली.

तेव्हापासून रविवारी दुपारी आम्ही बसू लागलो. मी त्याच्या नाकाखाली ग्लास धरायचे. तो लांब श्वास घ्यायचा. मग मी चाखायचे आणि सांगायचे. पटलं तर तो पलंगाच्या कडेवर दोन बोटं आपटायचा. पटलं नाही तर मान हलवायचा, आणि मला पुन्हा चाखावं लागायचं. "नाशपाती?" नाही. "पेरू, कच्चा?" दोन बोटं. खोटं सांगितलेलं त्याला लगेच कळायचं. एकदा त्याला बरं वाटावं म्हणून मी नसलेला मोगरा सांगितला, तर त्याने ग्लास माझ्या हातातून काढून खाली ठेवला. नंतर मी कधी तसं केलं नाही.

शेजारच्या बाईने एकदा कचऱ्यात बाटल्या पाहिल्या. "मास्तरीणबाई, हे काय सुरू केलं या वयात?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, औषध आहे. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या नातीची शिकवणी बंद झाली.

दिवाळीनंतर मानेत गाठ दिसली. डॉक्टरांनी या वेळी आम्हाला समोर बसवलं नाही, मला एकटीला बाहेर बोलावलं. आता घरीच ठेवा, म्हणाले.

शेवटच्या रविवारी आणलेली बाटली बिघडलेली होती. दुकानात नाही तर वाटेत कुठेतरी उन्हात तापली असणार. रंगच पिवळट तपकिरी होता. मी ग्लास त्याच्या नाकाशी नेला. त्याने श्वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. त्याला वास आला की नाही ते मला समजेना, कारण तोवर त्याची मान हलत नव्हती, बोटंही नीट उचलली जात नव्हती. मी चाखलं.

"खराब झाली आहे, दादा," मी म्हटलं. "शिजलेल्या सफरचंदासारखी. सिरक्यासारखी."

त्याने बोटं उचलायचा प्रयत्न केला. एकच उचललं. मी ती दोनच मानली. मग त्याने डोळ्यांनी मोरीकडे दाखवलं आणि मी बाटली तिथे रिकामी केली. त्या आठवड्यातच तो गेला, सकाळी, मी दूध तापवत असताना. स्वयंपाकघराला लागून खाली आणलेल्या त्याच्या पलंगाकडे वळून पाहिलं तेव्हा श्वास थांबलेला होता. दूध उतू गेलं तरी मी तिथेच उभी होते.

मुलगी अस्थींच्या वेळेला पोहोचली. उंच, केस कापलेली, दादाचंच कपाळ. महादेव घाटावर नदीला पाणी कमी होतं, नावाड्याने थोडं आत नेलं. सगळं तिनेच केलं. घरी आल्यावर ती जेवली नाही. संध्याकाळी गच्चीवर माझ्याशेजारी येऊन बसली. सदर बाजाराकडून गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते. तिला थोडं मराठी येत होतं, तुटकं.

"आत्या, बाबाला दुखत होता?"

प्रवासभर तिने हा प्रश्न मनात धरला असावा. नाही म्हणणं सोपं होतं.

"हो," मी म्हटलं. "खूप दुखत होतं."

तिने मान डोलावली. नंतर ती रडायला लागली, आवाज न करता, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच बसलो.