उतरवून आणलेला पिवळा ताप

आमचे जावई साखर कारखान्यातले. आधी अंकुशनगरला आमच्याच वसाहतीत राहायचे. मग युगांडातल्या एका कारखान्याने बोलावलं, तर लेकीला घेऊन तिकडे गेले. तिथेही ऊस, तिथेही मळीचा वास, म्हणून तो देश मला काही फार लांबचा वाटला नाही. लेकीला दिवस गेले आणि पहिल्या बाळंतपणाला मी जायचं ठरलं. तिथे तिच्याजवळ जावयांशिवाय कुणी नव्हतं, आणि जावयांना चहासुद्धा धड करता येत नव्हता.

माझी धाकटी बहीण शहरात विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला होती. परदेशी जाणाऱ्यांना विद्यापीठाच्या दवाखान्यात तपासायचे, सुया टोचायचे, काय खायचं-प्यायचं ते सांगायचे. तिने ओळखीने माझंही नाव घातलं. सातवीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेली मी, विद्यापीठात जायचं म्हणून लग्नातली पैठणी नेसून गेले. रांगेतल्या पोरांनी उठून जागा दिली. मला वाटलं, मान दिला. बहीण म्हणाली, “अक्का, त्यांना वाटलं तू उद्घाटनाला आलीस.”

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. पाणी उकळून प्या, मच्छरदाणीत झोपा, हिवतापाची गोळी आठवड्याला एक, तीही जेवून. मी सगळ्याला मान हलवली. त्यांनी इंग्रजीत एक यादी लिहून दिली, ती बहिणीने बाहेर उभ्याउभ्या वाचून दाखवली.

“टायफॉइडची सुई पुढच्या आठवड्यात, इथंच. आन् पिवळ्या तापाची लस. त्याला मुंबईला जावं लागंल.”

“ते माझं झालंय मागंच,” मी म्हटलं.

तिला कामावर जायची घाई होती. ती बरं म्हणाली आणि गेली. मी घरी येऊन ह्यांचा पेन घेतला आणि यादीतली ती ओळ खोडून टाकली.

“अगं, डॉक्टरनं लिहिलेलं काय खोडून राह्यलीस?” हे म्हणाले.

“झालेलं काम दोनदा कशाला करायचं?”

झालेलं काम म्हणजे असं. खूप वर्षांपूर्वी मला कावीळ झाली होती. डोळे पिवळे, अंग पिवळं, वर बारीक ताप. मग पिवळा ताप आणखी वेगळा काय असणार? तेव्हा जावेला सोबत घेऊन मी धावड्याला गेले. तिथे एक बाबा कावीळ उतरवायचे. त्यांनी चुन्याच्या पाण्याने माझे हात चोळले, आणि परातीतलं पाणी हळदीसारखं झालं. जावेने गंमत म्हणून हात पुढे केले, तर तिचंही पिवळं झालं. तिला तर साधी सर्दीसुद्धा नव्हती. दुसरी कुणी असती तर तिथेच शहाणी झाली असती. मी जावेला म्हटलं, “नशीबवान हाईस, तुझी आतल्या आत होती, ती निघून गेली.”

तर मी निवांत डिंकाचे लाडू वळत बसले. टायफॉइडच्या सुईला बहिणीसोबत पुन्हा दवाखान्यात गेले, तेव्हा विमानाला बारा दिवस उरले होते.

“मावशी, पिवळ्या तापाचं पुस्तक आणलंत का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “लस टोचल्यावर देतात ते.”

“पुस्तक न्हाई दिलं त्यांनी.”

“कुणी?”

“धावड्याच्या बाबांनी.”

“धावड्याला लस मिळते?” त्या बहिणीकडे पाहायला लागल्या.

“लस न्हाई, उतरवतात. अंगणात बसवून. पाणी बिलकुल पिवळं झाल्तं, माझ्या जावेनं डोळ्यानं पाह्यलंय.”

बाईंनी पेन खाली ठेवला. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. बहीण भिंतीकडे तोंड करून दोघींच्या वाटचं हसली. मग बाईंनी समजावलं, की कावीळ वेगळी, आणि हा ताप डासाने येतो, माणूस दगावतो. सुई टोचल्यावर दहा दिवसांनी ते पुस्तक लागू होतं. त्याआधी तिकडे विमानतळावरूनच माघारी पाठवतील. त्यांनी बोटांवर दिवस मोजले.

“परवापर्यंत सुई झालीच पाहिजे, मावशी. एक दिवस पुढे गेला की हे विमान गेलं.”

लेकीची तारीख विमानानंतर आठच दिवसांनी होती. पुढचं तिकीट कधीचं मिळेल, कुणाला ठाऊक. बहिणीचं हसू तिथेच आटलं.

घरी ह्यांनी सगळं ऐकून घेतलं, पिशवी भरली, आणि दारात विचारलं, “धावड्यावरून जायचं का मुंबईला?” मी पिशवी उचलून पुढे चालायला लागले. रेल्वेत नाशिकपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले.

मुंबईला तिसऱ्या प्रहरी नंबर लागला. इवलीशी सुई. काहीच पिवळं झालं नाही, म्हणून मला मनातून शंका होती, लागू पडली की नाही. मग पुस्तक हातात आलं. ते मात्र पिवळं होतं.

तिकडच्या विमानतळावर साहेबाने तारीख पाहिली आणि बोटं मोजायला लागला. मीही पदराखाली मोजत होते. दहा त्याचे आणि दहा माझे बराबर जुळले, तेव्हा त्याने शिक्का मारला.

सहाव्या दिवशी लेक बाळंत झाली. मुलगी. तिसऱ्या दिवशी नात चक्क पिवळी दिसायला लागली. नर्स म्हणाली, लहान बाळांना होतं असं, आपोआप जातं. लेक खाटेवरून म्हणाली, “आई, धावड्याला न्यायची का हिला?” तिच्या मावशीने तिला फोनवर सगळं सांगितलं होतं.

“कागद देत असले तर नेऊ,” मी म्हटलं.

पण खरं सांगते. दुपारी मी जावयांना बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, इकडं चुना कुठं मिळतो.

“मामी, साखरेच्या कारखान्यात चुना पोत्यांनी असतो,” जावई म्हणाले. “किती आणू?”

मग मी गपचूप नातीजवळ जाऊन बसले.