बाजार ते बाजार

सायकल चालवायला सरकारची परवानगी लागते, असं माझ्या भावानं मला सांगितलं तेव्हा मी त्याला वेड्यातच काढलं. तो वडशाच्या स्टेशनाबाहेर एका सायकल दुकानात पंक्चर काढायचा. मी मधूनमधून घरी न सांगता त्याला भेटायला जायची. हातातली ट्यूब पाण्यात दाबत तो म्हणाला, "रस्त्यानं चालवाले नाई लागत बाई. एका जागी गोल गोल चालवाले लागते. लोक जमते न."

तुम्ही पाहिलं असेल तर आठवेल. धान कापून झालं की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे आमची थंडीतली जत्रा. दिवसा पाळणे, रात्री नाटक. त्या दिवसांत सायकलवाले खेळाडू यायचे. मैदानात चुन्याचं रिंगण आखायचं आणि माणूस सायकलवर चढला की आठवडाभर उतरायचा नाही. खाणं, दाढी, आंघोळ सगळं सायकलवर. आणि 'ते' कसं करायचा, हे मला विचारू नका. अर्ध्या गावानं मला तेच विचारलं होतं. शेवटच्या दिवशी गावातला मानाचा माणूस हार घालून त्याला हात धरून उतरवायचा. तोवर पाय जमिनीला लागला की खेळ संपला.

माझा भाऊ दहावीत असताना असाच एक खेळाडू गावात आला आणि हा त्याच्या मागं निघून गेला. परीक्षा तोंडावर होती. आमचे बाबा दुसऱ्याच्या धानाच्या बांद्यांत राबलेले, चार यत्ता शिकलेले. विहारात दर सभेला म्हणायचे, माझा पोरगा आपल्या मोहल्ल्यातला पहिला मॅट्रिक होईल. पुढच्या साली आई आजारी पडली. दाराकडे तोंड करून झोपायची, कोणी आलं की मान वर करायची. भावाला निरोप पोचला तो सिरोंचाकडच्या कुठल्या गावात, आणि तो आला तेव्हा आई गेली होती, तिचं पुण्यानुमोदनही होऊन गेलं होतं. बाबा दारात उभे राहिले. म्हणाले, "शाळा अर्धी सोडली. आईले अर्ध्यात सोडलं. अर्धवट माणसाले माया घरात जागा नाई." त्या दिवसापासून त्यांनी त्याचं नाव तोंडात घेतलं नाही. बोलायची वेळ आलीच तर 'तो' म्हणायचे.

म्हणून वडशाला त्या दिवशी भाऊ म्हणाला, "आपल्या गावात करतो. बाजार ते बाजार. बाबासमोर." तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. रविवारी आमच्या गावचा बाजार. एका बाजाराला चढायचं, पुढच्या बाजाराला उतरायचं.

मी घाबरत घाबरत बाबांना सांगितलं. ते अंगणात दोर वळत होते. वळतच राहिले. मला वाटलं, झालं, आता माझीही हकालपट्टी. दोर पुरा झाल्यावर गाठ मारून म्हणाले, "पुरं करून दाखव मना त्याले. पुरं केलं त मी सोता उतरवतो त्याले, अन् हाताले धरून घरी आणतो." मी आत गेले आणि आईच्या लुगड्यात तोंड खुपसून रडले. कितीतरी दिवसांनी मला आनंदाचं रडू आलं होतं.

मग सुरू झाल्या कचेऱ्या. घरात लिहिणारी मीच, तेव्हा अर्ज माझ्याच गळ्यात. जिल्हा नुकताच फुटला होता. कोणता कागद चांद्याला आणि कोणता नव्या जिल्ह्याला, हे कोणालाच धड माहीत नव्हतं. तालुक्याच्या मोठ्या बाबूनं माझा अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"हे नेमकं हाय काय? शर्यत हाय का?"

"नाई जी, एकटाच चालवते."

"मंग मिरवणूक?"

"नाई, जागीच."

"नाटक-गिटक?"

"नाई."

"कोण्या सदरात टाकू मंग?"

"सायकल मना."

"सायकल असं सदर नाई," बाबू म्हणाला आणि अर्ज माझ्याकडे सरकवला.

शेवटी 'करमणूक' ठरली. तर जागेचं निघालं. आमचं बाजाराचं मैदान कागदोपत्री झुडपी जंगल निघालं! जिथं माझ्या जन्मापासून मिरच्या आणि सुकट विकली गेली, तिथं सरकारचं जंगल. वनखात्याची हरकत नाही असा कागद आणा. मी तिथं जाऊन म्हटलं, "साहेब, तिथलं एक झुडूप दाखवा, रोज पाणी घालायची जबाबदारी माझी." कारकून हसले, पण कागदासाठी चकरा मात्र मारायला लावल्याच. मग ठाणं. ठाण्यात म्हणाले, आधी तहसीलचं आणा. तहसीलवाले म्हणाले, आधी ठाण्याचं. धान कापून झालं, चुरणं झालं, तणसाचे ढीग लागले, आणि मी आपली पिशवीत अर्ज घेऊन एसटीत. जळो ते हापिस! सरपंचानं एकदा सोबत येऊन रदबदली केली तेव्हा कुठं गाडं हललं.

परवानगी हातात आली त्या दिवशी मी ती तिथंच उभ्यानं वाचली. बाबूनं रविवार ते शनिवार लिहिलं होतं.

"जी, बाजार ते बाजार हाय. रविवार ते रविवार."

"आठवडा मंजे सात दिवस. मोज."

मी त्याच्या टेबलासमोर बोटं मोजून दाखवली. म्हटलं, रविवारी दुपारी चढणार, तर पुरा आठवडा दुसऱ्या रविवारच्या दुपारी होतो. बाजार भरल्याशिवाय तो उतरेल कसा? बाबा तर बाजारालाच येणार. बाबूनं टाइपरायटरवर कापड टाकलं. "अर्ध्या दिवसाले कोण विचारते वं? साहेब दौऱ्यावर चालले. पाह्यजे त घे, नाईतर पुढच्या महिन्यात ये." मी भांडले. शिपायानं मला दाराबाहेर काढलं.

पण भाऊ चढला त्या रविवारी मी सगळं विसरले. सरपंचानं नारळ फोडला, डफडं वाजलं आणि माझा भाऊ पांढरा शर्ट घालून रिंगणात फिरू लागला. पहिल्या दिवशी लोक बघायला आले. मग गाव त्याच्यासोबत फिरायलाच लागलं. पोट्टे आपापल्या सायकली घेऊन रिंगणात उतरायचे, त्याला झोप लागू नये म्हणून पाळ्या लावून बाजूनं चालवायचे, गप्पा मारायचे, शिव्या द्यायचे. बाया चालता चालता त्याच्या हातात आंबिलाचा पेला द्यायच्या. न्हावी तर वस्तरा घेऊन सायकलसोबत पळत होता, "अबे हळू चालव, नाक कापीन तुयं!" सगळं मैदान हसलं. मला त्या दिवसांत वाटायचं, आमच्या गावासारखं गाव नाही.

बाबा मैदानाकडे फिरकले नाहीत. बोलले होते ना, पुरं केल्यावर येईन म्हणून. मी घरी आले की भाताच्या ताटावरून मान वर न करता विचारायचे, "चैन-गिन पडली का?"

"नाई पडली."

"हं."

आणि मग जेवायला लागायचे. एकदा म्हणाले, "सीट उंच ठेवली त्यानं. पाठ धरन. खाली करायले सांग." मी थांबले. सीट उंच आहे हे यांना कोणी सांगितलं? मागाहून कळलं, रोज पहाटे ते शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं जायचे आणि बाजाराच्या मागच्या मोहाच्या झाडाखाली उभे राहून बघून यायचे.  भावाला सीट खाली करायला सांगितलं. "कोण मनलं?" त्यानं विचारलं. मी नुसती हसले. त्यानं चालवता चालवताच माझ्याकडे वळून पाहिलं आणि त्याला कळलं.

शनिवारी बाबांनी झेंडूची फुलं आणून पाण्यात ठेवली.

त्याच संध्याकाळी ठाण्याचा हवालदार आला. तो वाईट माणूस नव्हता. आमच्या घरी चहा पिऊन गेलेला माणूस. जंगलात कुठंतरी काहीतरी घडलं होतं, वरून हुकूम आला होता की मुदत संपलेला कोणताही जमाव राहू द्यायचा नाही. "कागदावर शनिवार हाय बाई," तो म्हणाला. सरपंचानं त्याला समजावलं, पोट्ट्यांनी हात जोडले. शेवटी तो म्हणाला, "सकाळी तहसीलच्या साहेबाचा कागद आणून दाखव. मी मायाच हातानं टाळी वाजवतो."

उजाडता उजाडता मी सायकल काढली. निघताना रिंगणाशी गेले. त्याचे ओठ फुटले होते, डोळे लाल. मी म्हटलं, "उतरू नको भाऊ. मी कागद आणलाच समज."

"नाई उतरत. बाबा येते न?"

"फुलं आणली त्यायनं."

तो हसला. इतक्या दिवसांचा थकलेला माणूस, पण लहानपणी हसायचा तसा हसला.

तालुक्याला साहेब क्वार्टरच्या ओट्यावर बनियनवर बसून पेपर वाचत होते. दौऱ्यावरून रात्रीच आलेले. मी रडत रडत सांगितलं. त्यांनी कागद घेतला, शनिवार खोडला, 'रविवार, सूर्यास्तापर्यंत' असं लिहिलं, सही केली, आतून शिक्का आणून मारला. "एवढंच होय?" म्हणाले. त्यांचा चहासुद्धा निवला नव्हता. एवढंच! एवढ्यासाठी मी सारा हंगाम कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

परतीला मी किती जोरात चालवली असेल! मैदानाजवळ आले तर बाजार भरत होता, पण रिंगणात कोणी फिरत नव्हतं. लोक रेघेबाहेर उभे होते. हवालदार लिंबाखाली टोपी हातात घेऊन बसला होता.

मी गेल्यावर रस्त्यानं पोलिसांची एक जीप आली होती. त्यातल्या मोठ्या साहेबानं गर्दी पाहून गाडी थांबवली, कागद मागितला, आणि हवालदारावर ओरडला. हवालदारानं जाऊन सायकलचं हँडल धरलं. माझ्या भावाचा पाय जमिनीला टेकला. जीप निघून गेली. पोट्टे म्हणाले, "चढ बे परत! पायच त टेकला. कोण सांगते?" तो म्हणाला, "टेकला न." एवढंच. सायकल धरून उभा राहिला.

तेवढ्यात विहाराच्या वळणावरून बाबा येताना दिसले. धुतलेलं धोतर, हातात हार. वेळेच्या कितीतरी आधी निघाले होते ते. भावानं त्यांना पाहिलं. सायकल हळूच आडवी ठेवली आणि धुऱ्यावरून चालायला लागला. आठवडाभर जमिनीवर नसलेले पाय, धड पडत नव्हते. कोणी अडवलं नाही. लोकांना वाटलं, बिचारा मोकळा व्हायला चालला.

मी पोचले तेव्हा बाबा चुन्याच्या रिंगणात मांडी घालून बसले होते. हार मांडीवर. मी त्यांच्यासमोर बसले. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण आधी त्यांचा चेहरा पाहिला.

"पाठ दिसली त्याची," बाबा म्हणाले. "हाक मारावं मनलं, त तोंडात नावच आलं नाई माय. किती सालं घेतलं नाई न."

मी कागद पुढं केला.

"का लिवलं हाय?"

"आज दिवस बुडेपर्यंत परवानगी हाय."

"बुडेपर्यंत?"

"हो बाबा."

त्यांनी वर सूर्याकडे पाहिलं. "मंग हाय न टाइम. बस."

पोट्टे सायकलींवर वडशाच्या रस्त्याला धावले, काही नदीकडे गेले. बाबांनी उठून आडवी सायकल उचलली, स्टँडवर उभी केली, सीट धोतराच्या सोग्यानं पुसली आणि परत येऊन बसले. बाजार आमच्याभोवती चालला होता. मिरच्यांचे भाव ओरडत होते. पण चुन्याच्या आत कोणी पाय टाकला नाही, बाया टोपली डोक्यावर घेऊन वळसा घालून जात होत्या. हवालदार बाबांसाठी पाणी घेऊन आला, तोही रेघेबाहेरूनच देऊन गेला. दुपारी बाबांनी कागद पुन्हा वाचायला सांगितला. मी वाचला. नंतर पुन्हा एकदा सांगितला.

पोट्टे एकेक करून परत आले. वडशाच्या दुकानदारानं सांगितलं होतं, आला, आपली पिशवी घेतली, स्टेशनात गेला. कोणत्या गाडीत बसला ते त्यालाही माहीत नव्हतं. पुढं आम्हालाही कधी कळलं नाही.

मी बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण उठले नाहीत. दुकानदार ताडपत्र्या गुंडाळू लागले. सूर्य मोहाच्या मागं गेला, मग त्याच्याही खाली. बाबा उठले, हार सायकलच्या हँडलला अडकवला, आणि रिकाम्या बांद्यांकडे तोंड करून त्यांनी माझ्या भावाचं नाव घेतलं. मोठ्यानं घेतलं. जाणारे लोक थांबले. मग ते तसेच उभे राहिले, ओ येते का बघत.