मानेसाठी ठेवलेलं सागवान

डब्लिनला निघाले त्या दिवशी अण्णांनी माझ्या बॅगेतून बाजरीचं पीठ आणि पापड बाहेर काढले आणि दीड हात लांबीची सागवानी फळी आत सरकवली. आई चिडलीच. "पोरगी नर्स म्हनून चाललीय का सुतार म्हनून?" अण्णा एवढंच म्हणाले, "गिटारची मान हाय ती."

अण्णा म्हणजे माझे वडील. आमच्या काष्टी गावात दारं-खिडक्या करायचे आणि हौस म्हणून चर्चमधल्या पोरांसाठी गिटारी. पहिल्या गिटारची मान, म्हणजे जिच्यावर तारा दाबतात तो लांब दांडा, त्यांनी बाभळीची केली. बैलगाडीला चालते ती बाभूळ गिटारला का चालू नये? पण मान इतकी जड झाली की हात सोडला की गिटार मुंडी खाली घालायची. अख्ख्या चर्चने चेष्टा केली. तेव्हापासून अण्णा मानेच्या लाकडाबाबत भलतेच चिकित्सक झाले. जुन्या दाराचं सागवान, गाठ नको, रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ हवी. एक डोळा मिटून कडेवरून कसं बघायचं, ते मलाही शिकवलं. आणि वर नियम: "नव्या हवंत लाकूड वरीसभर उभं ठिवायचं. पीळ न्हाई पडला, तरच करवत लावायची."

इथे पाच वर्षांत मी चार खोल्या बदलल्या. दर शिफ्टिंगला आधी फळी, मग मी. हवा इतकी दमट की फळीसाठी ओलावा शोषणारा डिह्युमिडिफायर घेतला. स्वतःला धड कोट अजून घेतलेला नाही. सुट्टीच्या दिवशी फळी खिडकीशी धरते, एक डोळा मिटते. सुतासारखी सरळ. कापायची रेघ मारायला पेन्सिल उचलते, ठेवते, चहा करते, परत येते. करवत लावली की फळी इथली झाली, आणि बहुतेक मीही. याची भीती वाटते. नाही लावली तर मी कुठलीच नाही, याचीही वाटते.

म्हणून अण्णांनी फोनवर विचारलं की मी थाप मारायचे, पीळ पडलाय, अजून थांबते. ते नुसतं हं म्हणायचे.

परवा मात्र म्हणाले, "मग घिऊन ये माघारी. पीळ पडलेल्यालाबी हितं जागा हाय."

मला रडू आवरेना. खरं सांगून टाकलं.

"म्हाईतंय," अण्णा म्हणाले. "चाळीस वर्सं दाराला ऱ्हायलेल्या सागाला कसला पीळ पडतोय? तुला येळ पायजे हुता."

आज ड्यूटीआधी फळीवर रेघ मारली. वाकडी आली. खोडली, परत मारली. करवत अजून हातात घेतलेली नाही. काष्टीला घर म्हणायचं की या खोलीला, ते ठरत नाही. पण माझं खोटं इतकी वर्षं निमूट ऐकून घेणारं माणूस जिथे आहे, तिथून मी पुरती निघालेलीच नाही.